पिकूं द्यावें कीं पिकवावें?

टोमॅटो उन्हानें पिकतो, अशी आमच्या लोकांची दृढ समजूत आहे. आणि ह्या समजुतीमुळें घरच्या कुंड्यांतील पुष्कळ फळें वायां जातात. हिरवें फळ दिसलें कीं त्याभोंवतालचीं पानें खुडावयाचीं, कुंडी भर उन्हांत ओढावयाची, आणि तरीही रंग येईना म्हणजे पाण्याचा मारा करावयाचा, हा क्रम कित्येक घरीं चालतो. वस्तुतः फळास पिकण्यासाठीं ऊन लागत नाहीं. ऊन लागतें तें पानांस. पानें उन्हांत साखर तयार करितात व ती फळांत सांठविली जाते. रंग येणें हें काम उबेचें आहे, प्रकाशाचें नव्हे. तोडलेला भरला टोमॅटो अंधाऱ्या खोक्यांत ठेवला तरी लाल होतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक पुरावा नको. उलट पानें काढून उघडें पाडलेलें फळ उन्हानें भाजून पांढरें पडतें, आणि तो डाग मग कधींही लाल होत नाहीं.

एवढ्या लहान गोष्टीवर शाळेच्या वार्षिकांत लेख कशास, असें कोणी विचारील. कारण असें कीं, गेल्या जून महिन्यांत आम्ही आठवीच्या विद्यार्थ्यांस व विद्यार्थिनींस घरीं टोमॅटोचीं दोन रोपें लावावयास सांगितलें, आणि ज्यांस हौस होती त्यांस टोमॅटिलो नांवाच्या त्याच्या मेक्सिकोकडील भावंडाचें बींही दिलें. ह्यांत गुण नव्हते, परीक्षा नव्हती. पेरल्याची, फूल आल्याची, फळ धरल्याची व तें पिकल्याची तारीख एका वहींत टिपून ठेवावयाची, एवढेंच काम होतें. तरीही कांहीं पालकांस ही गोष्ट रुचली नाहीं, व त्यांनीं आपलें मत मोकळेपणीं आम्हांस सांगितलें. त्यांचे आम्ही आभारी आहों. पाठीमागें कुजबुजण्यापेक्षां समोर येऊन बोलणें केव्हांही बरें. त्यांच्या आक्षेपांस उत्तर द्यावें, व तें देतां देतां टोमॅटो पिकतो कसा हेंही सांगावें, असा आमचा हेतु आहे.

पहिला आक्षेप वेळेचा. मुलांचा अभ्यास बुडतो, असें म्हणणें पडलें. दोन कुंड्यांस पाणी घालावयास दहा मिनिटें पुरतात, आणि हल्लींच्या मुलांचे दिवसांतले किती तास मोबाइलच्या पडद्यावर जातात हें पालकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. ह्या आक्षेपापाशीं आम्ही थांबत नाहीं.

दुसरा आक्षेप खोल आहे. एक आई म्हणाल्या, "सर, माझ्या सासऱ्यांनीं जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यांत वाफे बांधले. नातवानें शाळेंत जावें तें त्या मातींतून वर यावें म्हणून. त्यानें पुन्हां खुरपें हातीं धरावें, हें मला पाहवत नाहीं."

ह्या बोलण्यास हसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आमच्या ख्रिस्ती समाजांतील पुष्कळ घराण्यांचा इतिहास दुसऱ्याच्या बांधावरून सुरू होतो. १८७६–७८ च्या व पुन्हां १८९९–१९०० च्या दुष्काळांत कित्येक मुलें मिशनच्या अनाथाश्रमांत येऊन पडलीं. अक्षर हीच त्यांची पहिली मालकीची जमीन. ज्यांच्या वाडवडिलांनीं पीक काढलें पण फळ दुसऱ्याच्या घरीं गेलेलें पाहिलें, त्यांस खुरप्याचा तिटकारा वाटावा ह्यांत नवल तें काय? आमच्या इतर समाजांतील विद्यार्थ्यांपैकींही अनेकांच्या घरीं हीच कथा आहे.

तथापि आमचें म्हणणें असें कीं, त्या दुःखांत दोष मातीचा नव्हता. दोष होता तो हुकमाचा, आणि फळावर हक्क नसण्याचा. ज्यास आपण लावलेलें आपण खातां येतें, आणि कां लावलें हें ज्यास समजतें, त्याचे हात मळले म्हणून तो खालीं जात नाहीं. केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं उभारलेल्या मुक्तिमिशनांत दुष्काळांतून वांचलेल्या मुली छापखान्यांत खिळे जुळवीत, आणि त्याच संस्थेंत शेतीभातीचें व भाजीपाल्याचेंही काम चाले; एक काम उच्च व दुसरें नीच, असा भेद तेथें नव्हता. विल्यम केरी हा मूळचा चांभारकाम करणारा. त्यानें श्रीरामपूर येथें राहून १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें व १८१० सालीं कोश छापला, आणि त्याच गृहस्थानें १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाइतीची संस्था स्थापिली. आपल्या भाषेचें व्याकरण लिहिणाऱ्याच्या नखांत माती होती, हें मराठीच्या तासाला जांभई देणाऱ्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्याजोगें आहे. पुढें १९१० सालीं सॅम हिगिनबॉटम ह्यांनीं अलाहाबाद येथें शेतकीची शाळा काढली, तीही मिशनचीच.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे कीं, बागकामाविषयींच्या ह्या तिटकाऱ्यास कित्येक शाळांनीं स्वतः खतपाणी घातलें आहे. वर्गांत गडबड केली कीं "जा, बागेंतलें गवत उपट" अशी शिक्षा देण्याची चाल फार जुनी आहे. ज्या कामास आपण शिक्षा म्हणून योजतों त्याची गोडी मुलास कशी लागावी? चुकलेल्या मुलास कोणी गाणें म्हणण्याची किंवा चित्र काढण्याची शिक्षा देत नाहीं. मग गवत उपटण्याची कां? ही चाल सर्व शाळांनीं टाकावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. टोमॅटोचें मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागांत. तेथें त्याचे रानटी आप्त अद्याप उगवतात, व त्यांपैकीं कित्येकांचीं फळें करवंदाएवढीं लहान असतात. त्यांतून मोठ्या फळाचा टोमॅटो घडविला तो मुख्यतः मेक्सिकोंतील शेतकऱ्यांनीं. तेथील नाहुआ लोकांच्या भाषेंत रसाळ वाटोळ्या फळास 'तोमातल' म्हणत, आणि मागें उपपद जोडून जाती निराळ्या करीत. आपण ज्यास टोमॅटो म्हणतों तो 'शितोमातल', आणि हिरवा, कागदी पिशवींत वाढणारा तो 'मिल्तोमातल', म्हणजे शेतांतला तोमातल. हाच टोमॅटिलो. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं तें राज्य जिंकिलें. त्यानंतर तेथें गेलेला बर्नार्दिनो दे साहागून नांवाचा पाद्री तेथील लोकांच्या रीतिभाती त्यांच्याच भाषेंत लिहून घेऊं लागला. त्याच्या ग्रंथांत बाजारांतल्या टोमॅटो विकणाऱ्यांचेंही वर्णन आहे: चांगला विक्रेता कोणता, आणि नासका, ठेंचाळलेला व कच्चा माल गळ्यांत बांधणारा कोणता! चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला, समुद्र ओलांडले, तरी भाजीबाजाराचें हें वर्णन आमच्या गृहिणींस परकें वाटूं नये.

युरोपांत मात्र ह्या फळाकडे दीर्घकाळ संशयानें पाहिलें गेलें, कारण त्याचें कुळ धोतऱ्याचें व बेलाडोनाचें. इटलींतील मात्तिओली ह्या वैद्यानें १५५४ सालच्या ग्रंथांत त्यास 'सोन्याचें सफरचंद' असें नांव दिलें; ह्यावरून तिकडे प्रथम गेलेलीं फळें पिंवळीं असावींत असें पुष्कळ विद्वान् मानितात. आपल्याकडे युरोपियनांबरोबर तें आलें. जुन्या पिढींत कित्येक घरीं त्यास बेलवांगें म्हणत, आणि वऱ्हाडांत अजून भेदरें म्हणतात. वांगें, मिरची, बटाटा हीं सर्व ह्याच कुळांतलीं. तेव्हां बेलवांगें हें नांव वनस्पतिशास्त्रास धरूनच झालें म्हणावयाचें.

टोमॅटिलोचें घराणें ह्याहून किंचित् निराळें. बाजारांत फेब्रुवारी-मार्चांत कागदी वेष्टनांतली पिंवळी रसभरी मिळते, ती त्याची सख्खी बहीण. आणि पावसाळ्यांत बांधावर उगवणारी, मुलें कपाळावर आपटून फोडितात ती चिरबोटी, हीही त्याच गोतांतली. ह्या सर्वांचा विशेष असा कीं, फूल गळल्यावर त्याचा पुष्पकोश वाळून जात नाहीं, तर फुगत जाऊन फळाभोंवतीं पिशवी होते. ही युक्ति किती जुनी असावी? २०१७ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पातागोनिया प्रांतांत सांपडलेल्या अशा पिशवीच्या जीवाश्माचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें वय सुमारें ५ कोटि २० लक्ष वर्षें आहे.

फळ पिकतें म्हणजे काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. कारण लेखाच्या मथळ्यांतील प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. फूल फळल्यापासून टोमॅटो तांबडा होण्यास साधारण सहा ते सात आठवडे लागतात. त्यांपैकीं पहिले चार-पांच आठवडे तो केवळ वाढतो. ह्या काळांत तोडला तर तो पिकणारच नाहीं. सुरकुतेल किंवा सडेल. नंतर तो भरतो. रंग हिरवाच, पण किंचित् पांढुरका होतो. आंतल्या बिया कठीण होतात व त्यांच्याभोंवतीं बुळबुळीत गर येतो. अशा भरलेल्या फळावर सुरी चालविली तर बिया सुरीखालून निसटतात. कोवळें फळ कापलें तर बियांचेही दोन तुकडे होतात. एक-दोन फळें ह्या परीक्षेपायीं खर्चीं पडलीं तरी हरकत नाहीं, कारण तीं चटणीस कामास येतातच.

भरलेलें फळ स्वतःच एक वायु सोडूं लागतें. त्याचें नांव एथिलीन. रशियांतील नेल्युबोव्ह ह्या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखविलें कीं, दिव्याच्या वायूंतील एथिलीनमुळें वाटाण्याचे अंकुर वेडेवांकडे वाढतात. आणि १९३४ सालीं इंग्लंडांतील रिचर्ड गेन ह्यानें सिद्ध केलें कीं, पिकणारें सफरचंद हा वायु स्वतः निर्माण करितें. एका फळाचा वायु दुसऱ्यास लागतो, दुसऱ्याचा तिसऱ्यास. आंब्याची अढी घालणाऱ्या आमच्या आजीबाईंस हें नांव ठाऊक नव्हतें, पण काम ठाऊक होतें. टोमॅटोच्या खोक्यांत एक पिकलें केळें ठेवावें तें ह्याच कारणासाठीं.

आतां उबेचा प्रश्न. टोमॅटोस तांबडा करणारें लायकोपीन नांवाचें द्रव्य २० ते २५ अंश सेल्सिअस उष्णतेंत उत्तम तयार होतें. सुमारें ३० अंशांच्या वर तें बनेनासें होतें व पिंवळें द्रव्य मात्र शिल्लक राहतें. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडील गच्चीवरचे टोमॅटो नारिंगी होऊन थांबतात, आणि मुलें तक्रार करितात कीं बीं खोटें निघालें. बीं खोटें नसतें; अशा वेळीं फळ घरांत सावलीस आणून ठेवावें. उलट डिसेंबर-जानेवारींतल्या थंड रात्रीं, विशेषतः निफाडाकडे पारा फार उतरतो तेव्हां, फळें आठवडेच्या आठवडे हिरवीं लटकून राहतात. तेथेंही उपाय तोच: फुलाच्या टोंकाकडे पिंवळसर-गुलाबी छटा दिसतांच फळ देठासह तोडावें, वर्तमानपत्रांत गुंडाळून घरांत ठेवावें व रोज एकदां उघडून पाहावें. ही पहिली छटा आल्यावर झाडावर ठेवण्यानें चवींत फारसा लाभ होत नाहीं. बुलबुलांचा व खारींचा लाभ होतो. पण शीतकपाटांत कच्चें फळ ठेवूं नये. २०१६ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, तेथील थंडींत पिकल्या फळाचीही सुवास देणारीं द्रव्यें घटतात, आणि बाहेर काढल्यावर तीं पुरतीं परत येत नाहींत.

तेव्हां पिकूं द्यावें कीं पिकवावें? आमचें उत्तर असें कीं, भरल्यानंतर पिकविण्यांत पाप नाहीं; भरण्यापूर्वीं तोडणें हा मात्र अपराध आहे. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथून दूरदूरच्या शहरीं जाणारा टोमॅटो झाडावर लालबुंद होईपर्यंत ठेवला तर वाटेंतच त्याचा रस्सा होईल. व्यापारी तो आधीं तोडतो, ह्यांत त्याचा दोष नाहीं. एथिलीन हा तर फळाचा स्वतःचाच वायु; बंद खोलींत तो ठराविक प्रमाणांत, म्हणजे दहा लक्ष भागांत १०० भागांपर्यंत, वापरण्यास आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं परवानगी दिली. परंतु आंबा, केळीं इत्यादि फळांच्या ढिगांत कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या दडपण्याची जी रीत आहे ती निंद्य होय. त्यांत आर्सेनिक व फॉस्फरस ह्यांचे अंश असतात, आणि २०११ च्या नियमांनीं ती स्पष्ट निषिद्ध आहे. तरीही ती चालते. कारण गिऱ्हाइकास रंग पाहिजे, आणि तो आजच पाहिजे. कोंवळें फळ रंगवून विकणाऱ्यापेक्षां, रंग पाहून विकत घेणारे आपण कमी जबाबदार आहों काय?

रंगाच्या ह्या लोभाची शिक्षा आम्हांस निराळ्या मार्गानेंही मिळाली आहे. जुन्या टोमॅटोंच्या खांद्यावर, म्हणजे देठाजवळ, गडद हिरवी पट्टी असे व ती सर्वांत शेवटीं पिके. बाजारास एकसारखा रंग हवा, म्हणून सुमारें सत्तर वर्षें बीं निवडणाऱ्यांनीं तो हिरवा खांदा नसलेलींच झाडें निवडलीं. २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें कीं, तो खांदा हिरवा करणारा जो गुण, तोच फळांत साखर वाढविणाराही आहे. एकसारखेपणा मिळाला, गोडी गेली. हा न्याय आम्ही फळांपुरताच ठेवितों. मुलांना क्लासांत घालणाऱ्या पालकांनीं तो कोठवर न्यावयाचा, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.

घरीं दोन रोपें लावल्यानें संसाराचा खर्च वांचेल, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन कुंड्यांवर कुटुंबाची आमटी निघत नाहीं. पण जुलै २०२३ मध्यें कित्येक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोस २०० रुपयांवर गेला तेव्हां सर्वत्र केवढा ओरडा झाला तें आठवावें. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत नाशिक-पुण्याकडील बाजारांत भाव इतका कोसळला कीं, तोडणीची मजुरी व गाडीभाडें सुटेना म्हणून शेतकऱ्यांनीं क्रेटच्या क्रेट, ज्यांस ते कॅरेट म्हणतात, रस्त्यावर ओतले, तेव्हां शहरांत कोणीं ओरडा केला? जुलैंत ज्यांनीं शेतकऱ्यास लुटारू म्हटलें त्यांपैकीं कितीजण सप्टेंबरांत हळहळले? ज्या मुलानें पानें बोकडलेलीं पाहिलीं, एका रात्रींत अळीनें पोखरलेलीं फळें मोजलीं, आणि अडीच-तीन महिने वाट पाहून सात टोमॅटो घरीं आणले, तें मूल भाजीवालीशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करतांना निदान एकदां थबकेल. आमच्या वर्गांतील वह्यांपैकीं एकींत सर्व तारखांच्या शेवटीं एवढेंच वाक्य होतें: "पहिलें फळ आजीला दिलें." आमच्या मतें त्या वहीस गुण देतां येत नाहींत हें बरेंच झालें.

आतां लागवडीविषयीं थोडें. दख्खनच्या पठारावर टोमॅटो जून-जुलैंत, सप्टेंबर-ऑक्टोबरांत किंवा जानेवारींत पेरितात. घरच्यासाठीं सप्टेंबरची पेरणी सर्वांत सोपी. पाऊस सरत आलेला असतो व फुलें थंडींत धरतात. दिवसा ३५ अंशांच्या वर उष्णता गेली व रात्रही उबदार राहिली तर फुलें गळून पडतात. त्यावर औषध नाहीं. रोप चार आठवड्यांचें झालें कीं निदान एक फूट खोल कुंडींत, शेणखत मिसळलेल्या मातींत, खोडाचा थोडा भाग मातीखालीं जाईल असें लावावें. त्या भागासही मुळें फुटतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'धनश्री' किंवा दिल्लीकडील 'पुसा रुबी' ह्यांसारखी सरळ जात घ्यावी, कारण संकरित जातीचें बीं पुढें धरतां येत नाहीं. काठीचा आधार द्यावा, सुतळी सैल बांधावी, आणि खालच्या बगलफुटी काढाव्या; पण पानें सरसकट खुडूं नयेत, हें वर सांगितलेंच आहे.

फळाच्या बुडाशीं काळा, चामड्यासारखा डाग पडतो. पुष्कळजण त्यास रोग समजून फवारणी करितात, कोणी अंड्याचीं टरफलें घालितात. तो रोग नव्हे. पाणी एक दिवस भरपूर व चार दिवस मुळींच नाहीं असें झालें म्हणजे फळाच्या टोंकापर्यंत चुना पोहोंचत नाहीं, व डाग पडतो. रोज थोडें व वेळेवर, हाच त्यावर उतारा. कोरड्या मातीवर एकाएकीं धो धो पाऊस पडला तर फळें तडकतात. पांढरी माशी पानें बोकडविणारा रोग पसरविते. तसें झाड दिसतांच उपटून टाकावें, दया करूं नये. फळ पोखरणाऱ्या अळीसाठीं शेजारीं झेंडू लावावा. तिची पतंग आई झेंडूच्या फुलांवर अंडीं घालणें पसंत करिते. बंद खिडकींतल्या झाडाचीं फुलें सकाळीं हलकेंच टिचकी मारून हालवावीं. टोमॅटोचा पराग नळींत कोंडलेला असतो. मधमाशीस तो सहसा निघत नाहीं, परंतु मोठा काळा भुंगा फुलास मिठी मारून गुणगुणतो व त्या कंपानें तो झडतो. भुंगा नसेल तेथें टिचकी.

लूकाच्या शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्यांतला माळी धन्यापाशीं नुसती दया मागत नाहीं. आपण भोंवतालीं खणूं व खत घालूं असें तो सांगतो, हें मात्र उत्तर लिहितांना बहुतेकजण विसरतात. ज्यांनीं कुंडी भरली आहे ते पुढल्या वर्षीं विसरणार नाहींत, अशी आम्हांस आशा आहे.

टोमॅटिलोचे नियम निराळे आहेत. एकच झाड लावलें तर तें फुलांनीं भरून जातें, पिशव्याही फुगतात, पण त्या रिकाम्या राहतात. कारण त्याचें फूल आपल्याच परागानें फळत नाहीं. दुसऱ्या झाडाचा पराग पाहिजे, व तो आणावयास मधमाशी पाहिजे. म्हणून निदान दोन रोपें जवळजवळ लावावीं. हा नियम बीं देतांनाच सांगितलेला होता. तरीही ज्या घरीं जागेच्या अडचणीमुळें एकच झाड राहिलें तेथें ऑक्टोबरांत रिकाम्या पिशव्या हालतांना दिसल्या, आणि शेजारशेजारच्या दोन घरीं एकेक झाड होतें तेथें दोघांसही फळ मिळालें. त्यांपैकीं एका जोडींतल्या कुटुंबांचा भिंतीवरून जुना वाद आहे, असें ऐकतों. मधमाश्यांनीं तो जुमानला नाहीं.

दुसरें, टोमॅटिलोची रंगावरून परीक्षा करूं नये. तो हिरवाच काढावयाचा असतो. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांनीं फळ पिशवी भरून टाकतें, ती तंग होते व बुडाशीं उकलते, तीच वेळ. पिशवी सैल असेल तर थांबावें. पिंवळा होईपर्यंत ठेवला तर तो गोडसर होतो, पण ज्या आंबटपणासाठीं मेक्सिकोंतील लोक त्यास भाजून हिरवी चटणी करितात तो निघून जातो. पिशवी सोलल्यावर फळ हातास चिकटतें. कोमट पाण्यानें धुतलें म्हणजे झालें. पिशवी, पान व देठ खाऊं नये. पिशवीसह कागदांत घालून थंड जागीं ठेवला तर तो दोन आठवडे सहज टिकतो.

आपल्या स्वयंपाकघरांत त्यास जागा शोधावी लागत नाहीं. हिरव्या टोमॅटोची चटणी आपण करितोंच: तेलावर फोडी, हिरवी मिरची व लसूण परतून, भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ घालून वाटावयाची. टोमॅटोऐवजीं टोमॅटिलो घातला कीं कैरीच्या जवळपास जाणारा आंबटपणा येतो. गेल्या नाताळांत एका विद्यार्थिनीच्या आईंनीं ती आम्हांकडे पाठविली. त्याच बाईंनीं, ज्यांस खुरपें पाहवत नव्हतें. बरोबर चिठ्ठी नव्हती, फक्त डबा होता, व तो रिकामा परत पाठवूं नये ही आपली रीत असल्यामुळें आम्ही त्यांत बीं घालून पाठविलें.

बीं कसें धरावें तें सांगून पुरें करितों. सरळ जातीचें, निरोगी झाडावरचें, पूर्ण पिकलेलें फळ घ्यावें. टोमॅटोच्या बिया गरासह पेल्यांत थोड्या पाण्यांत दोन-तीन दिवस ठेवाव्या. वर फेस येतो, वास येतो, घरच्यांनीं नाक मुरडलें तरी चालेल. गर सुटला कीं धुवून, तळाशीं बसलेल्या बिया तेवढ्या ताटलींत सावलींत वाळवाव्या. कागदावर वाळविल्या तर त्या चिकटतात. टोमॅटिलोचें फळ मात्र बियांसाठीं हिरवें न काढतां पिंवळें होऊन आपोआप खालीं पडेपर्यंत राहूं द्यावें, पाण्यांत कुस्करावें, व दोन निराळ्या झाडांवरचें बीं एकत्र करून ठेवावें. पुडीवर जातीचें नांव व साल लिहावें. कोरड्या बाटलींत तें तीन-चार वर्षें सहज उगवतें. ज्यांस हवें असेल त्यांनीं शाळा उघडल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यांत येऊन न्यावें. टोमॅटिलोच्या पुड्या थोड्या आहेत, म्हणून शेजारीं-शेजारीं राहणाऱ्यांनीं दोघांत मिळून एक घ्यावी.